गुंडुरावांचा गट्टी रंग

लग्न होऊन मी सोलापूरहून म्हैसूरला आले तेव्हा सासरच्या माणसांची मराठी मला अर्धीच कळायची. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, पिळलेलं एक लुगडं माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "तुळसी, बघ गे, गट्टी झाला का?" आमच्याकडे गट्टी पोरांची होते. कट्टी आणि गट्टी. मी विचारलं, "कुणाशी?" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मामंजी मात्र हसले नाहीत. कानडीत गट्टी म्हणजे घट्ट, पक्कं, न उडणारं, हे मला नवऱ्यानं नंतर समजावलं. मग कित्येक वर्षं घरात काही टिकाऊ निघालं की सगळे मला "कुणाशी?" म्हणून चिडवायचे.

मामंजींचं नाव गुंडुराव. मंडी मोहल्ल्यातल्या घराच्या मागच्या अंगणात त्यांचे रंगाचे रांजण होते. आमचं घराणं रंगाऱ्यांचं, पण एकेकानं ते काम सोडलं होतं. एक दीर शिंपीकाम करायचे, एक सरकारी कचेरीत लागले, माझा नवरा नरसिंह हेब्बाळच्या कारखान्यात जायचा. कोपरापर्यंत निळे हात एकट्या मामंजींचेच उरले होते. बाजारात ते परकराला आणि लुगड्याला डब्यातल्या पुडीचा रंग देत, पण मनातून त्या पुडीला ते रंगच मानत नसत. माणूस हट्टी, मोजकं बोलणारा. खोड एकच, 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघायचा नाही. दारात आलेलं काम ते कधी परत पाठवत नसत, मग अंगणात आम्ही बायका मरेनात का.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मामंजी कशातच नव्हते. म्हैसूरची माणसं त्यांना मराठे म्हणत आणि माझे भाऊ सोलापूरहून आले की माघारी 'तुझे कानडी सासरे' म्हणत. समाजाच्या बैठकीलाही ते जात नसत. कुणी बोलावलं तर म्हणत, "मी तिथं काय करू? सुम्ने बसायचं." सुम्ने म्हणजे उगाच.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत आमच्या अंगणात दोन माणसं एकत्र आली. एक बोरेगौडा, कृष्णराजनगरकडचे, कालव्याखाली भाताची शेती असलेले, मोठ्या आवाजाचे. दुसरी सिद्दम्मा, एच. डी. कोट्याकडची. तिचं गाव धरणात गेलं होतं आणि बदल्यात मिळायची जमीन नुसती कागदावर फिरत होती. तोवर ती आणि तिची माणसं दुसऱ्यांच्या शेतात राबत होती. बोरेगौडांच्या लोकांना वाढलेली पाणीपट्टी नको होती, सिद्दम्माच्या लोकांना जमीन हवी होती. दोघांनी मिळून ठरवलं होतं की जिल्हा कचेरीसमोर एकत्र धरणं धरायचं आणि दोन्ही मागण्या मान्य झाल्याशिवाय उठायचं नाही. गावात ही दोन तऱ्हेची माणसं एका भांड्यातलं पाणी पीत नसत. आमच्या ओट्यावर मात्र सासूबाईंनी एकसारख्या पेल्यांत कॉफी दिली आणि दोघं ती पीत बसली.

"चारशे शाली पाहिजेत, हिरव्या," बोरेगौडा म्हणाले. "सगळ्यांच्या खांद्यावर एकच रंग. कुणाला शेत आहे नि कुणाला नाही, हे बघणाऱ्याला कळता नये."

सिद्दम्मानं शालीचं कोरं कापड हातात चुरगळून पाहिलं आणि विचारलं, "बण्ण गट्टी ना, अण्णा? आम्ही उन्हात बसणारी माणसं." बण्ण म्हणजे रंग.

"गट्टी," मामंजी म्हणाले. एवढा एकच शब्द.

बारा दिवसांत चारशे शाली. इतकं मोठं काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि परकर-लुगड्यापलीकडचं तर कधीच नाही. ते हुरळले होते. पुडी वापरणार नाही, जुन्या पद्धतीनं करणार, असं त्यांनी जाहीर केलं. आता हिरव्याचं असं आहे की जुन्या रंगकामात त्याला वेगळा रांजण नसतो. कापड आधी निळीत बुडवायचं, वाळवायचं आणि मग त्यावर पिवळा चढवायचा. पिवळा डाळिंबाच्या सालीचा असला, तुरटी घालून उकळलेला, तर माणूस जातो पण रंग जात नाही. पिवळा हळदीचा असला तर त्या दिवशी हुबेहूब तसाच दिसतो, पण ऊन हळद खातं. हे रंगाऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी आणि सासूबाई, गौराबाई त्यांचं नाव, देवराज मार्केटच्या रसवाल्यांकडून आणि औषधी जिन्नस विकणाऱ्यांकडून डाळिंबाची सालं पोती भरभरून आणत होतो. अडीचशे शाली झाल्या आणि सालं संपली. कुठेच मिळेनात. मामंजींनी बोरेगौडांना जाऊन सांगायला हवं होतं, आणखी आठ दिवस द्या. त्यांनी नरसिंहाला हळद आणायला पाठवलं.

"हळद?" सासूबाई म्हणाल्या. "ती लोकं उन्हात बसणार म्हणून सांगून गेलीत, अल्वा?" अल्वा म्हणजे नाही का.

"सुम्ने इरे," मामंजींनी त्यांना गप्प केलं. "पंधरा दिवसांचं काम त्यांचं. नंतर मी परत बुडवून देतो सगळं."

शाली न्यायला कृष्णराजनगरची माणसं सकाळीच आली आणि आधी बांधलेल्या गठ्ठ्यांतल्या घेऊन गेली. कोट्याच्या लोकांना दोन बस बदलून यायचं होतं, ती दुपारी आली आणि उरलेल्या दीडशे उचलल्या. यात कुणाचाही डाव नव्हता. हळदीच्या सगळ्या शाली सिद्दम्माच्या माणसांच्या खांद्यावर गेल्या, इतकंच.

धरणं सुरू झालं त्या दिवशी बोरेगौडा आणि सिद्दम्मा दोघांनी मिळून मामंजींच्या खांद्यावर एक शाल घातली. ती पहिल्या अडीचशेतली होती, मामंजींनी स्वतःच बाजूला ठेवलेली. घरी येऊन ते शालीसकट जेवायला बसले. "भाताशी पण सत्याग्रह का?" असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा ते चक्क हसले. मग रोज दुपारी हातातलं काम टाकून ते कचेरीसमोर जाऊन बसू लागले. चौथ्या ओळीत त्यांची जागा ठरली होती. तिथल्या गमती ते येऊन सांगत, कोण घोरतं, कोण घोषणा चुकतं. साठीच्या माणसाला पहिल्यांदाच आपलं म्हणायला काहीतरी मिळालं होतं. मला ते बघून फार बरं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात शाली बदलू लागल्या. मार्चचं ऊन. आधी खांद्यावर, मग पाठीवर. घडीच्या आत हिरव्या आणि बाहेर निळ्या. आणि निळा म्हणजे कोट्याकडच्या मजुरांच्या जुन्या सभेचा झेंडा, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच सुमाराला एका अधिकाऱ्यानं सुचवलं होतं की कालव्याच्या शेवटाला पडीक सरकारी जमीन आहे, ती धरणग्रस्तांना देता येईल. ती जमीन पडीक नव्हती. बोरेगौडांचे भाऊबंद ती वर्षानुवर्षं कसत होते. तेव्हापासून दोन्हीकडे कुजबुज होतीच.

एका दुपारी बोरेगौडा कचेरीसमोरच्या ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "आपण सगळ्यांनी एक रंग घेतला होता. काही जण हळूच आपला झेंडा खांद्यावर घेऊन बसलेत. आम्ही आंधळे नाही."

सिद्दम्मा उठली. "तुम्हीच दिलेल्या शाली आहेत या," ती म्हणाली. "आम्ही नुसत्या पांघरल्या." मागून कुणीतरी हसलं, कुणी तिला खाली बस म्हणालं.

मामंजी चौथ्या ओळीत बसलेले होते. नुसतं उभं राहायचं होतं. हळद माझी, चूक माझी, एवढं म्हणायचं होतं. ते उठले आणि घरी आले.

त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नरसिंह म्हणाला, "अप्पा, चार लोकांत हे बोललात तर उद्या कोण कापड देईल आपल्याकडे?" आणि मी, त्या घरातली सगळ्यात शहाणी, म्हणाले, "गप्प बसा मामंजी. त्यांचं भांडण जमिनीचं आहे, रंगाचं नाही. चार दिवसांत विसरतील."

मी म्हटलं ते खरंच होतं. म्हणूनच मला त्याची आजही लाज वाटते.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भांडण जमिनीचं असेल. खोटं मग रंगाचंच आहे, अल्वा?"

मामंजी तीन दिवस घरात बसले. बातम्या येत होत्या. पहिल्या दिवशी दोन जमावांच्या मधून दोरी बांधली गेली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या घागरी वेगळ्या झाल्या, गावात असतात तशा. तिसऱ्या दिवशी सिद्दम्मा आणि तिची दीडशे माणसं उठली आणि बसस्टँडकडे चालत गेली. चौथ्या दिवशी सकाळी मामंजींनी अंघोळ केली, शाल घेतली आणि म्हणाले, "जाऊन सांगतो." ते पोचले तेव्हा पोलिसांनी उरलेल्यांना गाड्यांत घालून नेलं होतं. एवढीच माणसं उठवायला त्यांना अर्धा तास पुरला. पाणीपट्टी तशीच राहिली, जमीन कुणाला मिळाली नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी डाळिंबाच्या सालीचं एक पोतं आणि तुरटी बांधून घेतली आणि मला म्हणाले, "कोट्याला येतीस का?" आम्ही दोन बस बदलून सिद्दम्माच्या वस्तीवर गेलो. ती दारात नाचणी पाखडत होती. ओसरीच्या दोरीवर शाल वाळत होती, सगळी निळी. मामंजींनी उभ्यानंच सगळं सांगितलं. सालं संपली ते, हळद आणली ते, आपण चौथ्या ओळीत होतो ते. माझ्या सल्ल्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मी पोत्याशेजारी खाली मान घालून उभी होते.

सिद्दम्मानं सूप खाली ठेवलं. "आम्हाला कळलं होतं, अण्णा, रंग उडतोय," ती म्हणाली. "ते उठा म्हणाले म्हणून आम्ही नाही उठलो. तीन दिवस वाट बघितली, आमच्या बाजूनं कुणीतरी एक शब्द बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही, मग उठलो."

मामंजींनी पोतं पुढे सरकवलं. मग म्हणाले, "शाली दे सगळ्यांच्या. मी परत हिरव्या करून देतो. आत्ता सालीच्या."

"बेड," ती म्हणाली. नको. "आता हाच रंग बरा आहे आम्हाला. हा तरी गट्टी आहे ना?"

निळीचा रंग होता तो, उन्हाला न भिणारा. मामंजींना खोटं बोलता आलं नसतं.

"गट्टी," ते म्हणाले.

तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, आणि सार. निघताना पोतं घेऊन जा म्हणाली, पोरं त्यात हात घालतील. मामंजींनी ते परत खांद्यावर घेतलं.

त्यानंतर गट्टी हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. गिऱ्हाईकानं विचारलं तर म्हणत, "उन्हात घालून बघा, मग सांगा." काम कमी झालं नाही. नरसिंहाची भीती आणि माझी अक्कल, दोन्ही फुकट गेल्या.

त्यांची स्वतःची शाल मात्र त्यांनी गच्चीवर घालायला सुरुवात केली. मार्च लागला की दोरीवर टाकायची आणि पाऊस येईपर्यंत काढायची नाही. मला आधी वाटलं विसरले. मी आत आणून घडी घातली तर ते परत घालून आले. नरसिंह म्हणायचा, अप्पांचं डोकं फिरलंय. फिरलं नव्हतं. त्यांना ती शाल निळी झालेली बघायची होती. पण ती त्यांच्याच हातची, सालीची आणि तुरटीची. ते रोज संध्याकाळी वर जाऊन कापड उलटं करून बघत आणि खाली येत.

असे अकरा उन्हाळे गेले. शेवटच्या वर्षी त्यांना जिना चढवेना, म्हणून शाल घालायला मी वर गेले. खाली येऊन मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "मामंजी, गप्प बसा असं मी म्हटलं होतं."

"तू म्हटलीस," ते म्हणाले. "बसलो मी."

त्याच पावसाळ्यात ते गेले. सासूबाई त्यांच्यामागून तीन वर्षांनी. अंगणात आता फरशी आहे, रांजणांच्या जागी नरसिंहाची स्कूटर लागते. माझ्या मुलींना मराठी बोलताना शब्द आठवावे लागतात आणि रंगकामातलं तर काहीच ठाऊक नाही. शाल माझ्या ट्रंकेत असते. काठ विरलाय, दोन ठिकाणी मी रफू केलंय, रंग होता तसाच आहे.

यंदाही मार्चमध्ये मी ती गच्चीवर घातली.