गौरवचा दात आणि पल्लवीची झांज

गौरवच्या तोंडातून रक्त येत होतं आणि कार्यक्रमाला अर्धा तास उरला होता.

साऊंड चेक चालू होता, म्हणजे कार्यक्रमाआधी एकेक माइक बोलून पाहतात ते. लग्नाच्या लॉनवाल्याचे दोन गडी सोफा घेऊन उलटे चालत आले, त्यांचा धक्का गौरवच्या कोपराला लागला. त्याचा माइक कायम ओठाला टेकलेला असतो. समोरचा दात अर्धा गेला.

तुम्ही म्हणाल, दातच ना. पण हा पाच पोरापोरींचा ग्रुप वाद्य ठेवतच नाही. ड्रम, गिटार, सगळं तोंडानं. गौरव म्हणजे त्यांचा ड्रम. ढोल ओठातून निघतो, तो निघत होता. झांज मात्र दात आणि जिभेतून निघते. तो 'च्स' करायला गेला की शिटी वाजे.

त्या दिवशी एक इव्हेंटवाली मॅडम ऐकायला येणार होती. पसंत पडलं तर लग्नाचा अख्खा सीझन यांना. नाही पडलं तर ग्रुप बंद, तिघं नोकरीसाठी पुण्याला, असं त्यांचं ठरलेलं. कॉलेजांमध्ये फुकट गाऊन पोरं थकली होती.

खरं तर मीही साऊंडचं काम सोडलं होतं. बायको गेल्यापासून हुडकेश्वरच्या घरात स्पीकर झाकून बसलो होतो. घरात बोलायला कोणी नाही, त माइक कोणासाठी लावू? भेटायला आलेले लोक चहा पिऊन गेले. ग्रुपची मुख्य मृणाल आली, तिनं चहाही घेतला नाही. म्हणाली, दुसरे साऊंडवाले इको टाकतात, आमच्या आवाजांची खिचडी होते, तुम्हीच चला. म्हणून गेलो.

मी गौरवला म्हटलं, "माह्याजवळ ड्रमची ट्रॅक आहे पेनड्राइव्हमधी. लावून देतो. कोणाले कळते?"

तोंडाला रुमाल धरून तो म्हणाला, "ट्रॅकच लावाची होती काका, त मंग आमचं काय काम?"

मग त्यानं पल्लवीला हाक मारली. ती सगळ्यात वरचा सूर धरते.

"झांज तू कर वं. ये, दाखवतो."

"आन् माहा सूर कोण धरते गा, तुहा दात?"

सगळे हसले, गौरवही. पल्लवीचा सूर मृणालनं घेतला, मृणालच्या ओळी उरलेल्या दोघांनी वाटून घेतल्या. स्टेजमागे उभ्याउभ्या. आमच्या लाइनीत एवढ्या वेळात दोन भांडणं झाली असती. आणि लोक टाळ्या वाजवायचे त्या गौरवच्या झांजेलाच, तीच त्यानं देऊन टाकली.

मॅडम आली. पहिलं गाणं डगमगलं. गौरव पुढं पळे, पल्लवी मागं राही. मॅडम मोबाइल पाहू लागली.

तेवढ्यात गौरवनं मला मॉनिटरकडे खूण केली. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याला ऐकू यावं म्हणून पायाशी ठेवलेला स्पीकर. मला वाटलं, वाढवा म्हणतो. सगळे तेच म्हणतात. पण त्याचं बोट खाली होतं. त्याचा कमी, पल्लवीचा जास्त. उभी जिंदगी साऊंडमध्ये गेली, 'माझा कमी करा' म्हणणारा हा पहिलाच.

मी तसं केलं. आता तो तिला ऐकून तिच्यामागं चालू लागला. दुसऱ्या गाण्यात ताल असा बसला की मॅडमनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

गाणी संपल्यावर ती माझ्याकडे आली. ट्रॅक मस्त होती म्हणे, कुठून घेतली?

मी म्हटलं, "ट्रॅक नाही बाई. तो पोरगा आन् ते पोरगी. त्याले दाताच्या डॉक्टरकडे न्याचं आहे, घेता का नाही ते लवकर सांगा."

तिचा विश्वास बसेना. पोरं खाली उतरली आणि तिच्या खुर्चीपुढे, माइकशिवाय, परत गायली. तिनं सीझन दिला. पुण्याला कोणी गेलं नाही.

गौरवनं दात बसवून घेतला. झांज मात्र पल्लवीकडेच आहे. तिची जास्त साफ निघते, असं तोच सांगतो.

आता कोणी गायक 'माझा वाढवा' म्हणाला, की मी विचारतो, बाजूच्याचा ऐकू येते का? बहुतेकांना येत नाही. त्यांचा मी वाढवत नाही.