हळदेचा चाकू आणि माझे चार दिवस

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट तेरा हजार फुटांवर होती. माणसं सोळा, बुखाऱ्या, म्हणजे रॉकेलच्या शेगड्या, दोन, पोस्ट कमांडर सुभेदार कदम साहेब. रायगड जिल्ह्यातले आम्ही दोघेच. मी नाईक राऊत, नागावचा. दुसरा लान्स नाईक इब्राहिम हळदे, मुरुडचा. माझ्या बाहीवर दोन फिती होत्या, त्याच्या एक. ही गोष्ट मी त्याला विसरू देत नसे. त्याच्याकडे एक चाकू होता. ती गोष्ट पोस्टवर कुणीच विसरत नसे.

साधा घडीचा चाकू. मूठ सांबरशिंगाची, हाताळून हाताळून जुन्या दातासारखी पिवळी झालेली. दोन पाती, एक मोठं, एक छोटं. पात्यावर नख अडकवायला खाच. कुलूप नाही, खटका नाही. पाठीत एक पोलादी पट्टी, तिच्या जोरावर पातं उघडं राहायचं आणि तिच्याच जोरावर बंद व्हायचं. बंद होताना 'टक्' असा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की माझा जळफळाट व्हायचा.

चाकू मूळचा इब्राहिमच्या मामूचा. मामू जहाजावर खलाशी. कुठल्याशा परदेशी बंदरात घेतला आणि तीस वर्षं वापरला. भाचा भरती झाला तेव्हा त्याला दिला आणि एकच सूचना केली. हा चाकू कापायचा आहे, भोसकायचा नाही. टोकाने भोसकलंस तर पातं मागे मिटेल आणि तुझीच बोटं खाईल. इब्राहिम हे प्रत्येकाला सांगायचा. मीही ऐकलं होतं.

सकाळी साडेचारला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्च्यावर, साडेसहाला चहा, मग बर्फ वितळवून पाणी, मग बंकरच्या छतावरचा बर्फ काढणं. या सगळ्यात दर अर्ध्या तासाला कुणीतरी ओरडायचं, हळदे, चाकू. सिग्नलवाला त्याने वायर सोलायचा. कुक त्याने कांदा चिरायचा आणि म्हणायचा, या चाकूने डोळ्यांतून पाणी येत नाही. थाप होती, पण आठ जणांनी शपथेवर दुजोरा दिला. कदम साहेब रोज दुपारी एक सफरचंद त्याने कापायचे. एवढ्या पातळ फोडी, की एका सफरचंदात सोळा माणसं व्हायची. माझ्या वाट्याची फोड मी खायचो, पण गोड लागायची नाही.

सुट्टीवर आलो तेव्हा अलिबागच्या बाजारात मी माझा चाकू घेतला. काळा, जाडजूड, पातं पक्कं अडकवणारं कुलूप, बाटली उघडायचा आकडा आणि मुठीत चक्क कंपास. पोस्टवर पोचलो तसा सगळ्यांसमोर उघडला. कंपासची सुई थोडी थरथरली आणि बुखारीकडे तोंड करून थांबली. मी कुठेही उभा राहिलो तरी माझी उत्तर दिशा बुखारीत. साहेबांनी सफरचंद पुढे केलं. मी कापलं.

"राऊत," साहेब म्हणाले, "सफरचंद कापायचं होतं. तू मारलंस."

हसण्यात इब्राहिम नव्हता. त्याने माझा चाकू हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, पोलाद चांगलं आहे, ग्रीस कमी लाव. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. म्हणून मी दुप्पट ग्रीस लावलं.

आता गुन्ह्याकडे येतो. आपल्याकडे सुरी-चाकू कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. नागावात पाळतात, मुरुडातही पाळतात. पोस्टवर हा रिवाज इब्राहिमने सगळ्यांना लावला होता. त्यामुळे काम झालं की जो तो चाकू दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर ठेवायचा. एका दुपारी साहेबांनी तो तिथे ठेवला, इब्राहिम नमाजला गेला होता, आणि पेटीजवळ मी होतो. कुणी दिला नाही. मी उचलला.

संध्याकाळपर्यंत परत ठेवायचा, असं ठरवलं होतं. पण इब्राहिमने शोधाशोध सुरू केली. मग सेक्शनने केली. सगळ्यात जोरात मी केली. गाद्या उलट्या केल्या, कुकवर संशय घेतला, बर्फ चाळायची सूचनाही माझीच. साहेबांनी सर्वांचं किट तपासायचा हुकूम दिला तेव्हा चाकू पिठाच्या पिंपात गेला. त्या रात्रीच्या पोळ्या मी जपून चावल्या.

चार दिवस मी त्या चाकूचा मालक होतो, तेव्हा मालक म्हणून माझंही मत नोंदवतो. हातात बसतो. वजन इतकं बरोबर, की खिशात आहे हे कळतं आणि ओझं होत नाही. पण चोरलेल्या चाकूने काही कापता येत नाही, कारण कापताना लोक बघतात. पहाटेच्या ड्युटीला एकटा असताना मी तो नुसता उघडायचो, मिटायचो. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. अननसाचा डबा समोर होता. मी टोक लावलं आणि वरून दाबलं. मामूचं म्हणणं खरं निघालं. तर्जनी हाडापर्यंत.

डब्याचा पत्रा लागला, असं मी सगळ्यांना सांगितलं. पट्टी इब्राहिमनेच बांधली, आणि बांधून झाल्यावर उरलेला अननस मला चमच्याने भरवला.

पाचव्या दिवशी लिंक पेट्रोल होतं. खालच्या पोस्टपर्यंत जाऊन परत. पाच माणसं, एका दोरीत. मी तिसरा, इब्राहिम चौथा. चाकू मी कोटाच्या आतल्या खिशात घेतला होता. वाटेतल्या विश्रांतीत त्याच्या पिठ्ठूत, पाठीवरच्या पिशवीत, सरकवायचा आणि मग मीच शोधून काढायचा, असा बेत होता. म्हणजे चोर मी आणि शाबासकीही मलाच.

अकरा वीसला उजवीकडचा उतार सुटला.

आवाज फार मोठा नव्हता. मी घळीत फेकला गेलो आणि छातीपर्यंत बर्फात रुतलो. माझ्या पुढची दोरी तुटून तिचं टोक माझ्याखाली बर्फात गाडलं गेलं होतं आणि बर्फ अजून हळूहळू सरकत होता. दर सरकण्याला दोरी मला खाली ओढत होती. उजवा हात तेवढा मोकळा. वर दोघे खडकाला धरून होते, तिसरा रेडिओवर.

"चार्ली वन, अॅव्हलांच. एक दबला आहे. ओव्हर."

पोस्टवरून उत्तर आलं, "चार्ली वन, जागा सोडू नका. टीम निघते आहे. ओव्हर."

इब्राहिमने स्वतःला दोरीतून सोडवलं आणि माझ्याकडे घसरत आला. जागा न सोडण्याचा हुकूम त्याने ऐकला होता. मीही ऐकला होता, पण त्याला आठवण करून दिली नाही.

"चाकू काढ," तो म्हणाला.

मी माझा काळा चाकू काढला. ग्रीस थंडीने मेणासारखं घट्ट झालं होतं. माझ्याने उघडेना, त्याच्याने उघडेना. कुलूप जाम. त्याने तो बर्फात फेकून दिला. अजून तिथेच असेल. आसपास बुखारी नाही, तेव्हा उत्तर दिशा आता बरोबर दाखवत असावा.

मग इब्राहिम म्हणाला, "दुसरा काढ."

विचार करायला वेळ नव्हता. हात आतल्या खिशात गेला. मी त्याचा चाकू त्याच्या हातात दिला, आणि त्याने हातातच घेतला. नखाने पातं उघडलं, दोरी कापली. तीन दाबांत. मला काखेतून ओढून खडकाकडे ढकललं. चाकू मिटला आणि माझ्या मुठीत कोंबला. "धर," म्हणाला, कारण त्याला चढायला दोन्ही हात हवे होते. मी खडकावर पोचलो तेव्हा तो दहा फूट खाली होता. अकरा एकतीसला दुसरा उतार सुटला.

तो तीन चाळीसला सापडला.

साहेबांना मी सांगितलं, चाकू त्याने शेवटी माझ्या हातात दिला. खोटं नव्हतं. त्याआधीचं मी गाळलं. पार्थिवाबरोबर मुरुडला मीच गेलो. वाटेत चाकूला धार लावली, आणि तीही खरबरीत दगडावर. त्याच्या सामानाबरोबर तो त्याच्या अम्मीच्या पुढ्यात ठेवला. पुढची सात वर्षं त्या तारखेला रेवदंड्यावरून एसटीने मुरुडला जात राहिलो. अम्मी जेवू घालायच्या. त्या चाकूने कांदा चिरायच्या आणि दरवर्षी न चुकता म्हणायच्या, याची धार कुणीतरी बिघडवलीन. मी खाली मान घालून जेवायचो.

मला एकच गोष्ट खात होती. "दुसरा काढ." म्हणजे त्याला माहीत होतं. कधीपासून? आणि मला खडकाकडे ढकलताना तो काय मनात ठेवून ढकलत होता? एका चोराला वाचवतोय, असं?

गेल्या वर्षी मुरुडच्या शाळेने त्याच्या आठवणीचा कार्यक्रम केला. मुख्याध्यापकांनी मला 'जिवलग मित्र' म्हणून उभं केलं. मी नेहमीचं भाषण केलं, नेहमीची जागा गाळली. पहिल्या रांगेत अम्मी होत्या. टाळ्या वाजल्या आणि मला त्या टाळ्यांचाही हेवा वाटला, कारण त्या त्याच्या होत्या.

कार्यक्रमानंतर त्यांच्या पडवीत बसून मी सगळं सांगून टाकलं. पेटी, पिठाचं पिंप, अननस, सगळं. अम्मी कांदा चिरत होत्या. चिरायच्या थांबल्या नाहीत.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्याने फोनवर सांगितलान. तू उचललास त्याच दिवशी."

पोस्टवरून आठवड्याला एकदा, पाच मिनिटं फोन मिळायचा. त्या पाचातलं एक मिनिट त्याने माझ्यावर घालवलं होतं.

"काय म्हणाला?"

"हसत होता. म्हणाला, अम्मी, माझा चाकू राऊतने लपवलान आणि शोधतोय पण तोच. मी बोल्ले, अरे मग माग त्याच्याकडून. तर म्हणाला, राहू दे चार दिवस. त्याला लई आवडतो. मागितला असता तर देऊनच टाकला असता, पण नागावचा हाय, मागायचा न्हाय."

त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगला चाकू होता, ते मी सहन करत आलो होतो. त्याचं मनही माझ्यापेक्षा मोठं होतं, हे आता कळलं, आणि खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला तेही आवडलं नाही. मग रडलो. अम्मींनी कांद्याचं ताट थोडं लांब सरकवलं, मला निमित्त मिळू नये म्हणून.

डोळे पुसून मी आयुष्यात पहिल्यांदा मागितला. "अम्मी, हा चाकू मला द्याल?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "त्याने दिला असता. मी न्हाय देणार. माझ्या रोजच्या हातातलं त्याचं एवढंच उरलंय." आणि पुढचा कांदा उचलत म्हणाल्या, "तू येत जा. आलास की कापून जा."

या वर्षीही गेलो होतो. अम्मींनी चाकू जमिनीवर ठेवला, मी उचलला आणि चार कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी आलं. कुक खोटं बोलायचा.

लान्स नाईक इब्राहिम हळदे, मुरुड. वय सव्वीस.