फाळक्यावर अडकवलेला दिवा

ती सकाळ आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठते, घरातल्या घरात दोन चकरा मारते, पुन्हा बसते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांनी कधी झोप उडवली नाही. या साध्या अपघाताच्या गुन्ह्यानं मात्र स्वेच्छानिवृत्तीनंतरही पिच्छा सोडलेला नाही.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होते. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. जालना रस्त्याच्या आतल्या एका वसाहतीत, पहाटे फिरायला निघालेल्या निवृत्त मुख्याध्यापिकांना वाहनानं उडवलं. पावणेसहाची वेळ, अजून अंधार. खुबा मोडला होता, डोक्याला मार होता, बाई बेशुद्ध होत्या. वाहन पळून गेलं होतं. समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात, चौकटीच्या अगदी कोपऱ्यात, दोन-तीन सेकंद एका पांढऱ्या पिकअपची मागची बाजू दिसत होती आणि हौद्यात उजेडाची एक आडवी रेघ. नंबरप्लेट दिसत नव्हती.

घटनास्थळाचा पंचनामा माझ्या हवालदारानं लिहिला. जुना माणूस, अक्षर मोत्यासारखं. रस्त्यावर एक हूक सापडला होता आणि त्याला वीतभर कापडी पट्टी, पट्टीवर बारीक दिवे. नोंद झाली, ‘सजावटीच्या दिव्यांच्या माळेचा तुकडा, एक.’ वसाहतीत घरोघर माळा अजून लटकतच होत्या. मी वाचलं आणि सही केली. मला दवाखान्यात जायची घाई होती.

नऊच्या सुमारास खबर आली. बीड बायपासच्या एका चहाच्या टपरीवर एक ड्रायव्हर पिकअपचा पुढचा बंपर बादलीनं धूत होता, पुसून पुन्हा धूत होता. टपरीवाला आमचा नेहमीचा खबऱ्या. आम्ही पोचलो तेव्हा पांढरी गाडी तिथंच उभी होती, हौद्यात मोसंबीच्या जाळ्या, बंपरला ताजा पोचा. ड्रायव्हर चाळिशीचा, पैठणकडच्या गावचा. त्यानं पळायचा प्रयत्नही केला नाही. जणू आमचीच वाट बघत होता.

ठाण्यात आणून चौकशीला बसवलं. अटक दाखवली नव्हती. मोंढ्याच्या बाजाराकडे जायला तो त्याच वसाहतीतून आला होता, हे त्यानं स्वतःच सांगितलं. सलग तिसऱ्या दिवशी गाडी चालवत होता. डोळा लागला होता, कुठंतरी धाडकन आवाज झाला, तो जागा झाला, पण थांबला नाही. घाबरून मोंढ्यात न जाताच तो बायपासला निघून आला होता. आवाज कुठं झाला, हे त्याला सांगता येत नव्हतं.

“तुम्ही बाईंना उडवलंत का?” मी विचारलं.

“मलाच नाय माहीत, मॅडम.”

ठाण्यात खोटं बोलण्याचे हजार प्रकार मी ऐकले आहेत. ‘मी नव्हतो’, ‘मी तिथं नव्हतोच’, ‘गाडी दुसरा चालवत होता’. ‘मलाच माहीत नाही’ असं कुणी म्हणत नाही. तेव्हा ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. उलट मला वाटलं, आता हा पाझरायला लागला. मी तेच तेच विचारत राहिले. रस्ता कसा होता, वळण कुठलं, साडी दिसली का? तासाभरात तो माझेच शब्द मला परत द्यायला लागला. व्हय, वळण होतं. व्हय, काहीतरी पांढरं दिसलं होतं बहुतेक.

पोलिसांसमोरच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, हे आम्हाला पाठ असतं. पण कबुली मिळाली की ठाण्यातला शोध थांबतो, हेही तितकंच खरं. कलम जामिनाचं होतं. तरी त्याचा परवाना गेला असता, मालकानं काढून टाकलं असतं, आणि बाई दगावल्या असत्या तर कलमही बदललं असतं. साहेबांचे तीन फोन येऊन गेले. संध्याकाळपर्यंत त्यांना पत्रकारांना नाव द्यायचं होतं.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. चिकलठाण्यात गाड्यांची सीटकव्हरं शिवायच्या दुकानात ती मशीनवर बसायची. हवालदार तेव्हा प्रयोगशाळेत पाठवायचा मुद्देमाल टेबलावर मांडून पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. तिनं डबा खाली ठेवला आणि त्या तुकड्याकडे बघत उभी राहिली.

“ह्याच्यावर काय लिवलं, दादा?”

हवालदार म्हणाला, दिवाळीची माळ.

“माळ कशाची? ही सीटबेल्टची पट्टी हाय. शिलाई आमच्या मशीनची हाय, दुहेरी.”

मी पुढं झाले. ती सांगत होती की शेजारच्या गाळ्यात एक बाबा आहेत, गाड्यांचं वायरिंग करतात. भंगारातल्या सीटबेल्टची रिळं आणतात आणि पट्ट्यावर दिवे बसवतात. पट्टा शिवायला मात्र तिच्याकडे यावं लागतं, जाड सुई तिच्याच मशीनला आहे. पिकअपच्या हौद्यात लावतात असले दिवे. ओढला की लांब होतो, सोडला की आत जातो.

मला पहिला संशय आला तो तिचाच. नवऱ्याला वाचवायला रचत असेल. विचारलं, तुमच्या नवऱ्याच्या गाडीत आहे का असा दिवा?

“मालकानं फुटलेला आरसा बदलून दिला नाय दोन वर्सं,” ती म्हणाली, “तो दिवा बसवून दील व्हय? जाऊन बघा की. गाडी तुमच्याच दारात हाय.”

मी बाहेर जाऊन हौद्यात चढले. जाळ्या बाजूला सारून चारी बाजू चाचपल्या. रीळ नाही, स्क्रूचं भोक नाही, वायर नाही. सकाळपासून गाडी आमच्या आवारात होती आणि आम्ही सगळे तिचा बंपर बघत होतो.

तशीच जीप काढून चिकलठाण्याला गेले. बाबांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला. “हौ, अपनाच माल है,” म्हणाले. मग त्यांनी नवा दिवा ओढून दाखवला. मी घाईनं ओढला तर तो जागीच अडकला.

“धीरे से, मॅडम. झटका दिया तो अटकता.”

रीळ केबिनच्या बाजूला बसवतात, पट्टा हौद्यातून मागं ओढतात आणि मागच्या दाराच्या, म्हणजे फाळक्याच्या, शेजारच्या कडीत हूक अडकवतात, म्हणजे पूर्ण हौद्यात उजेड पडतो, हे त्यांनी दाखवलं. मी विचारलं, असा दिवा ताणून गाडी चालवतात का? बाबा हसले. चालत्या गाडीत कोण लावणार? गाडी उभी करायची, फाळका पाडायचा, माल उतरवायचा, तेवढ्यापुरतं काम. आणि हो, काल सकाळी एक जण नवा हूक मागायला आला होता. पाण्याचे जार टाकणारा. तुटला कसा ते सांगितलं नाही त्यानं.

तिथं उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. गाडी धावत आलीच नव्हती. ती वसाहतीत माल उतरवायला उभी होती आणि फाळका पाडलेला होता, म्हणून नंबरप्लेट झाकली गेली. धडक मागून बसली होती, गाडी उलटी घेताना. आणि मी सकाळपासून एका माणसाच्या पुढच्या बंपरवर गुन्हा उभा करत होते.

पण ‘काल सकाळी’ हे जुळत नव्हतं. अपघात आजचा. पुन्हा विचारल्यावर बाबांनी कपाळावर हात मारला. माणूस आजच आला होता, दुकान उघडायच्या आधी. दुपारचा नमाज पढून आले की त्यांना सकाळ कालची वाटते. मी मात्र ते तसंच लिहून घेतलं नाही, शेजारच्या दोघांना विचारून खात्री केली. त्या दिवशी एवढी अक्कल मला उशिरा का होईना, आली होती.

जारवाला संध्याकाळी सापडला. तासभर नाही म्हणाला. मी वाद घातला नाही. त्याची पिकअप आवारात उभी केली, फाळका पाडला, दिवा ताणून लावला आणि अंधार पडल्यावर स्वतः स्टिअरिंगवर बसून मागं पाहिलं. काचेतून लख्ख उजेडातले निळे जार दिसत होते. त्यांच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. हवालदार गाडीमागं दहा पावलांवर उभा होता, तोही दिसला नाही. खाली उतरले तेव्हा जारवाला रडत होता.

रोज तसाच, फाळका न उचलता, दिवा न काढता, पुढच्या गल्लीपर्यंत गाडी मागं घ्यायचा. त्या वेळेला तिथं कुणी नसतं, म्हणाला. धडक बसल्यावर तो उतरला होता. पडताना बाईंच्या हातात पट्टा आला होता आणि त्यांनी तो सोडला नव्हता.

“म्या ओढला, तर पट्टीसकट हूकच तुटला,” एवढंच त्यानं खाली मान घालून सांगितलं.

बाई वाचल्या. वॉकर घेऊन चालतात. पंचनाम्यातल्या चुकीचा पुरवणी जबाब मी स्वतःच्या हातानं लिहिला. साहेब बोलायचं ते बोलले.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी एक सवय लावली. वस्तू ओळखता येत नसेल तर तिला नाव द्यायचं नाही. ती वापरणाऱ्या माणसापर्यंत जायचं, मग लिहायचं. आणि तीन दिवसांच्या जागरणानं पिचलेल्या माणसाला आधी झोपू द्यायचं, मग विचारायचं. थकलेला माणूस सुटका व्हावी म्हणून नव्हे, नुसतं संपावं म्हणून हो म्हणतो.

मोसंबीवाल्या ड्रायव्हरला त्याच संध्याकाळी सोडलं. बायको बाहेर डबा घेऊन बसली होती, तो तसाच भरलेला होता. मी त्याला सांगितलं, तुम्ही नव्हता, खरा माणूस सापडला. आमच्या तोंडून असं वाक्य क्वचितच निघतं, त्यामुळे मला वाटलं तो हात जोडेल, निदान मोकळा श्वास घेईल. तो सहीचं पेन हातात धरून उभाच राहिला.

“ह्या बाई नव्हत्या, बरं झालं,” तो म्हणाला. “मग म्या कुनाला उडवलं, मॅडम?”

पैठण रस्त्यावरच्या प्रत्येक ठाण्याला मी त्या रात्रीच विचारणा केली. त्या पहाटेची कुठंच काही नोंद नव्हती. जनावर असेल, असं मी त्याला फोनवर कळवलं. 

“असंल,” तो म्हणाला.