सॅम्पल कोण आणणार

"तू बाजूला हो," सर म्हणाले. "तुझं नाक यात धरता येणार नाही."

लॅबच्या ओट्यावर फ्लास्क ओळीनं मांडले होते. कोमट पाणी, आणि त्यात कॉलेजमागच्या नाल्याचं सांडपाणी मिसळलेलं. पहिल्यात थेंबभर, पुढच्यात जरा जास्त, शेवटच्यात भरपूर. एकेकानं यायचं, बूच काढायचं, हुंगायचं आणि वास कुठल्या फ्लास्कपासून येतो ते सांगायचं. सिव्हिलचं तिसरं वर्ष, पर्यावरण अभियांत्रिकीचं प्रॅक्टिकल. वास मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं, त्यामुळं माणसाचं नाकच लागायचं. त्यासाठी वर्गातल्या काही जणांचं पॅनेल केलं होतं. माझा नंबर आला होता. बूच माझ्या हातात होतं.

"का, सर?"

"अगं, सवय असते. ज्याला रोजची सवय, त्याला वास कळत नाही. रीडिंग चुकतं." मग ते वर्गाकडं वळले. "हे महत्त्वाचं आहे. प्रिकॉशनमध्ये लिहून घ्या. घाणीची सवय असलेली व्यक्ती पॅनेलमध्ये घेऊ नये."

मागं कुणीतरी हसलं. हसण्याचं मला एवढं वाटलं नाही. पण सगळा वर्ग खाली मान घालून लिहायला लागला, त्या पेनांचं वाटलं. माझा अपमान त्यांनी जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. सर चिडलेले नव्हते, ओरडले नव्हते. शिकवत होते. मी बूच लावलं आणि भिंतीला जाऊन उभी राहिले.

सरांना हे कुठून कळलं? मीच सांगितलं होतं. पहिल्या तासाला त्यांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हणाले, "उमरीला नगरपालिकेत आहेत."

"नगरपालिकेत काय?"

"सफाई कामगार."

"अच्छा," ते म्हणाले आणि पुढच्या मुलाकडं वळले. जात विचारायची त्यांना गरजच पडली नाही.

आता हे सवयीचं बघा. मी लातुरात हॉस्टेलवर राहत होते. माझ्याच खोलीत शिवलीला राहायची. चाकूरची, वडिलांचं किराणा-भुसारचं मोठं दुकान. एकच बाथरूम, एकच बादली, बऱ्याचदा साबणसुद्धा एकच. तिचं नाक चाललं, माझं मेलेलं ठरलं. आणि सवय म्हणाल तर ती माझ्या वडिलांना, आबांनासुद्धा नाही. आबा गटाराच्या चेंबरमध्ये उतरायच्या आधी नाकाला बाम चोळतात. लहानपणापासून त्यांच्या खिशात बामची डबी बघत आले मी. घरी आल्यावर दोनदा अंघोळ करतात, तरी पहिला घास त्यांच्या घशाखाली उतरत नाही. माणसाला चेंबरमध्ये उतरवू नये असा कायदा आहे म्हणे. उमरीत चेंबर तुंबलं की तो कायदा कुणाला आठवत नाही, आबा आठवतात.

पुढच्या आठवड्यात सांडपाण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. हॉस्टेलमागच्या चेंबरमधून ताजं सॅम्पल आणायचं होतं. सरांनी दोरी बांधलेली बाटली उचलली आणि सरळ माझ्यापुढं धरली.

"जा, तू घेऊन ये. तुला काही वाटणार नाही."

हुंगायला माझं नाक चालत नव्हतं, पण भरायला हात चालत होते. हे दोन्ही एकाच माणसानं, आठ दिवसांच्या अंतरानं, तेवढ्याच शांतपणे सांगितलं. तेव्हा मला हे धड मांडता आलं नाही. हातमोजे मागितले तर म्हणाले, मागवलेत, येतील.

मी गेले. झाकण लोखंडी आणि जड. पहारीनं सरकवलं तशी आतून गरम वाफ तोंडावर आली. खाली काळं पाणी, त्यावर केसांचे पुंजके, साबणाचा फेस, आणि जे असायचं ते. दोरी खालीवर करताना ती ओली होऊन मनगटाला घासली. बाटली भरून वर घेतली आणि मी तिथंच कण्हेरीच्या झाडाखाली ओकले. सकाळचे पोहे सगळे बाहेर. तोंड पुसलं, बाटली पुसली आणि लॅबमध्ये आले.

"ठेव तिथं," शिवलीला म्हणाली. "आता तू हात नको लावू हं. आम्ही करतो पुढचं."

ती गोड बोलायची, ते तिचं वैशिष्ट्य. तिच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग होतं. आमच्यात सगळी माणसं सारखी, भेदभाव पाळत नाहीत, असं ती मला खोलीत अभिमानानं सांगायची. लॅबमध्ये ती आणि आमच्या गटातले बाकीचे तिघं ब्युरेट धरायचे, थेंब सोडायचे, रंग बदलला की ओरडायचे. मी चार हात लांब उभी राहून आकडे उतरवून घ्यायची. सबंध सत्रभर हाच रिवाज झाला. दर आठवड्याला बाटली माझ्यापुढं यायची. मी दिसले की पोरं म्हणायची, "सॅम्पल आलं का?" आपल्याच घाणीला नाकं मुरडणारी माणसं. हॉस्टेलचं चेंबर होतं ते. त्यात माझ्याएवढीच शिवलीला होती. पोरांच्या हॉस्टेलची आणि स्टाफच्या संडासाची लाईनही जोडलेली, म्हणजे पोरं होती, सरही होते. पण बाटलीत आलं की ते माझं व्हायचं.

सणाच्या सुट्टीत घरी गेले. लातूरहून एसटीनं नांदेड, तिथून पॅसेंजरनं उमरी. आबा दारात बसून पायाला खोबरेल चोळत होते.

"काय शिकून राहिली तू तिथं?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. बाटली, चेंबर, सगळं. आबांचा हात थांबला.

"तेच करायचं व्हतं तर इथंच लावली असती की तुला," ते म्हणाले. मग खोबरेलाची वाटी बाजूला सारली. पुन्हा बोलले ते वेगळंच. "गप ऱ्हाय. मार्क कुणाच्या हातात हायेत? त्याच्याच ना? मग आन त्याला काय आनायचं ते. पास हो अन् निघून ये. साहेबाच्या नादी लागू नको."

त्यांचं खोटं नव्हतं. प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात. त्यात नापास झालं की बॅक, आणि बॅक असला की कॅम्पसच्या मुलाखतीला बसू देत नाहीत. मला नोकरी लागली की आबांनी काम सोडायचं, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. माय तर शेजारणींना तसं सांगून मोकळी झाली होती. म्हणून मी मूग गिळून बसले. सुट्टी संपल्यावर परत बाटली धरली. पण आता प्रत्येक वेळी झाकण सरकवताना मला चेंबरची कमी आणि माझीच जास्त किळस यायची. आबांना पोटासाठी उतरावं लागतं. मी मार्कांसाठी वाकत होते आणि वर त्याला शिक्षण म्हणत होते.

परीक्षेचा दिवस आला. नांदेडहून परीक्षक आले होते. चिठ्ठ्या उचलल्या, मला सीओडी आली, म्हणजे सांडपाण्यातली घाण रसायनानं मोजायची चाचणी. मला आनंदच झाला. पहिल्यांदा ब्युरेट माझ्या एकटीच्या हातात येणार होती. मी ती धुतली, स्टँडला लावली, द्रावण भरलं. घड्याळ सुरू झालेलं होतं.

सर बादली आणि बाटली घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"जा, सगळ्यांना पुरेल एवढं घेऊन ये. मग बस तुझ्या टेबलावर."

"सर, माझी परीक्षा चालू आहे."

"पाच मिनिटांचं काम आहे. नेहमी तूच आणतेस ना?"

"आणत होते. आता नाही आणणार."

मी टेबलाची कड धरून ठेवली होती. परीक्षकांनी मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही सर, मुलगी जरा हट्टी आहे," सर हसून म्हणाले.

"मग दुसऱ्या कुणाला पाठवा. वेळ जातोय."

मग जे झालं ते मी डोळे भरून बघितलं. सरांनी एका पोराकडं बघितलं, त्याला लगेच सर्दी झाली. दुसऱ्यानं बूट दाखवले, नवे होते. शिवलीला पुढं येऊन हळूच म्हणाली, "सर, माझा सोमवार आहे." लॅबच्या शिपाई मामांनी आधीच हात वर केले होते. "माझी ड्यूटी लॅबच्या आतली हाय, साहेब. भायेरचं मला सांगू नका." अख्खा वर्ग उद्याचा इंजिनिअर. शहरांच्या गटारी आखणार, पाइपांचे उतार काढणार, शुद्धीकरण केंद्रं बांधणार. आणि एक बाटली भरायला पन्नास पावलं जायला एक माणूस नाही.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही आणा."

सरांचं हसू गेलं. इतके दिवस ते माझ्याशी मायेनं बोलत होते. आता त्यांच्या तोंडावर खरं काय होतं ते आलं.

"लायकी सोडून बोलू नको," ते म्हणाले. दात आवळून, परीक्षकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

ते गेले नाहीत. त्यांनी मामांना कॅन्टीनला पाठवलं. मामा ग्लासभर दूध घेऊन आले, चहाचं, साय धरलेलं. सरांनी चमच्यानं साय काढली, नळाच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत दूध ओतलं, ढवळलं. पाणी गढूळ झालं. "सिंथेटिक सॅम्पल," ते परीक्षकांना म्हणाले. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "चालेल, चालेल." बाटल्या भरल्या गेल्या. चिठ्ठी लावली गेली: सांडपाणी, हॉस्टेल चेंबर.

तुंबलेल्या चेंबरचाही मला इतका तिटकारा आला नव्हता जितका त्या दुधाच्या बादलीचा आला. तिला वास नव्हता. तिच्यात बोट बुडवायला कुणाचीच ना नव्हती. सगळी पोरं दुधात गटार मोजत होती आणि गंभीर चेहऱ्यानं आकडे लिहीत होती. शिवलीलाचा सोमवारही त्या बादलीनं मोडला नाही.

मीही चाचणी केली. ब्युरेटचा नळ हळूहळू फिरवला. थेंबाथेंबानं हिरवट रंग गेला आणि विटकरी आला. कुणी शिकवलेलं नव्हतं, लांबून बघून बघून शिकले होते. आकडा लिहिला. सॅम्पलच्या रकान्यात लिहिलं: नळाचं पाणी आणि कॅन्टीनचं दूध.

सरांनी तपासताना तिथं बोट ठेवलं. "हे खोड."

"खरं तेच लिहिलंय, सर."

"खोड म्हणतो ना?"

खोडलं नाही. वर्गात एकटी मी नापास झाले. दुधाला सांडपाणी म्हणणारे सगळे पास झाले, शिवलीलाला तर पैकीच्या पैकी. खोलीत बॅग भरताना ती म्हणाली, "दोन मिनिटांचं काम होतं गं. एवढ्यासाठी कॅम्पस घालवलंस?"

"दोन मिनिटांचं होतं तर तू का नाही गेलीस?"

तिला खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. मला तिच्या त्या पाण्याचीसुद्धा शिसारी आली. मी प्राचार्यांकडं लेखी तक्रार दिली. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं, सर चांगले आहेत, सहज बोलून गेले असतील, तुझ्याच भविष्याचा विचार कर. मी चहा घेतला नाही.

संध्याकाळी उमरीला फोन लावला.

"आबा, नापास झाले."

"त्या साहेबानंच केलं?"

"हाव."

"माफी माग. पाया पड त्याच्या. काय झिजतंय का त्यात?"

"न्हाई, आबा."

मग ते म्हणाले, "म्हंजी म्या आनखी वरीसभर उतरू का खाली?"

हे मला बाकी कुणीही विचारलं असतं तर चाललं असतं. पाया पडायचं ठरवलं असतं तर सकाळपर्यंत सगळं मिटलं असतं, तेही मला माहीत होतं.

"तुमी पन न्हाई म्हना," मी म्हणाले.

आबांनी फोन ठेवला. त्याला आता महिना होतोय, ते माझ्याशी बोलत नाहीत. माय बोलते, आणि आबा कामावर गेलेत एवढंच सांगते.

बॅकच्या परीक्षेचा अर्ज मी भरलाय. तीच लॅब असेल, तेच सर असतील. तक्रार मागं घे म्हणून दोन निरोप आलेत, घेणार नाही. सॅम्पल आणायला सांगितलं तर नाही म्हणेन. नापास केलं तर परत बसेन. परत केलं, परत बसेन. मला त्यांच्याकडून माया नको, माफी नको. आबांना चेंबरमध्ये कोण उतरवतं ते मला आता कळलंय. ती माणसं लॅबमध्ये बसतात, ऑफिसात बसतात, सोमवार धरतात. त्यांची नावं मी त्यांच्या तोंडावर घेणार आहे, परीक्षा चालू असली तरी.