वाघाच्या तोंडात अर्धी मिशी

निवृत्तीच्या कार्यक्रमात सगळे म्हणाले, "गावंडे साहेब, एखादा किस्सा सांगा." मी बटणांच्या एका लॉटचा किस्सा सांगितला. लोक हसले, मी शाल घेतली आणि घरी आलो. खरा किस्सा चेनचा होता. तो मी तेव्हा टाळला आणि त्यानंतरही टाळतच आलो. कारण त्याची सुरुवातच अशी आहे की जेवणाच्या सुट्टीत मी सॅम्पल रूममध्ये डोक्यावर वाघ घालून आंधळ्यासारखा फिरत होतो आणि माझी मिशी चेनमध्ये अडकली होती.

नांदगाव पेठच्या एका कपड्याच्या युनिटमध्ये मी क्वालिटीचा प्रमुख होतो. शिवलेला माल तपासायचा, चुकलेला परत पाठवायचा, हे माझं काम. आमचा बहुतेक माल शाळांचे गणवेश. एक दिवस अकोल्याची ऋतुजा नावाची पोरगी ऑर्डर घेऊन आली. तिला दोन हजार सालानंतरच्या जपानी आणि अमेरिकन पोरांची रस्त्यावरची फॅशन परत आणायची होती. तिने फोनवर फोटो दाखवले. दोन माणसं मावतील असे शर्ट. घसरायच्या बेतात असलेल्या पँटी. टोप्यांवर दुकानाचं स्टिकर तसंच.

"हे स्टिकर काढायचं राहिलं का?" मी विचारलं.

"काका, ते काढतच नाहीत. तीच तर स्टाईल आहे."

तिला दोनशे हुडी हव्या होत्या. हुडी म्हणजे टोपी जोडलेला जाड स्वेटशर्ट. पण हिची चेन गळ्याशी थांबत नव्हती. ती तोंडावरून थेट डोक्याच्या टोकापर्यंत जायची. टोपीच्या दोन बाजूंना अर्धा-अर्धा वाघ छापलेला. चेन पूर्ण लावली की दोन्ही अर्धे जुळायचे आणि माणसाच्या जागी मेळघाटचा वाघ उभा राहायचा. बघण्यासाठी वाघाच्या डोळ्यांत जाळी.

सॅम्पल भाऊरावांनी शिवला. ते आमचे सॅम्पल मास्टर, मशीनवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी आधी अंदाज घ्यायला गळ्यापर्यंतच चेन असलेली एक कच्ची हुडी शिवली, मग खरा सॅम्पल. ऋतुजाने तो पास केला आणि त्याला सील लागलं. सील म्हणजे सह्यांचं एक टॅग. एकदा ते लागलं की सगळा माल त्या सॅम्पलकडे बघूनच शिवायचा. कागद एक म्हणाला आणि सॅम्पल दुसरं, तर सॅम्पलचं ऐकायचं. सॅम्पल रूमच्या दारावर मीच पाटी लावली होती: सील सॅम्पलला कोणीही हात लावू नये.

मी हात लावला नाही. मी तो घातला.

कावून घातला, ते आजही सांगता येत नाही. खोलीत कोणी नव्हतं, आरसा होता. चेन वर ओढली आणि नाकाखाली रनर अडकला. रनर म्हणजे चेनची ओढायची कळ. तिने मिशी धरली होती. वर जाईना, खाली येईना. टोपीचे सुटे अर्धे डोळ्यांवर पडले होते आणि वाघाच्या डोळ्यांतली जाळी कपाळावर आली होती, त्यामुळे दिसेना. टेबलावर आपटलो. बाहेर बायांचे डबे बंद झाल्याचे आवाज आले. आता कोणी आत आलं तर क्वालिटीचा प्रमुख आपल्याच पाटीखाली वाघ होऊन सापडणार. चाचपडत कात्री शोधली आणि गळ्यापासून वर चेनच्या कडेने कापत गेलो.

सुटलो. अर्धी मिशी चेनमध्ये राहिली.

मग जे केलं ते पश्चात्तापाचं. दाराला आतून कडी घालून घाईघाईने चेन गळ्याशी कापली, नवा रनर घातला, टोपीची कड भाऊरावांच्याच मशीनवर दुमडून शिवली. काम इतकं सफाईदार झालं की मीच मला पास केलं असतं. टॅग जागेवर होतं. मागच्या दाराने सटकून सलूनमध्ये गेलो आणि उरलेली मिशी काढली. संध्याकाळी सगळं शेठला सांगायचं असं ठरवलं होतं.

पण परत येताच शिलाईच्या लाईनवर शांतता पसरली. डोक्यावर माझ्या तसेही केस नव्हते. त्यात मिशी गेलेली. भाऊराव हळूच जवळ आले.

"कोण गेलं, साहेब?"

माझ्या तोंडून निघालं, "वरूडचे काका."

शेठने स्वतः गाडीने घरी सोडलं. "तेरवी झाल्याबिगर कामावर यायचं नाई," म्हणाले. बायको मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली होती. मी घरात एकटा, न मेलेल्या काकाचं सुतक पाळत बसलो. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भाऊराव रोज डबा आणायचे. मी खायचो. एकदा म्हटलं, "भाऊराव, ते सॅम्पलचं..." ते म्हणाले, "कामाचं बोलू नका जी. आपला माणूस गेला हाय."

कामावर परतलो तोवर दोनशे हुडी शिवून तयार होत्या. सगळ्यांची चेन गळ्यापर्यंत. एकही वाघ जुळत नव्हता. दोन्ही कानांजवळ अर्धं-अर्धं तोंड.

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी पास केला तेव्हा चेन वरपर्यंत होती!"

शेठने सॅम्पल आपटला. "हे टॅग, ह्या सह्या. भाऊराव, तुमी सील त्या पयल्या कच्च्या हुडीले लावलं काय?"

"मी तं वरपर्यंत लावली होती चेन..." भाऊरावांनी सॅम्पल उलटून पाहिला. बराच वेळ पाहिला. "शिलाई तं माह्यासारखीच हाय. लावलं असंल मीच. आता ध्यानात राहत नाई."

मी तिथे उभा होतो. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यायच्या घरी सुतक होतं, नाई तं ह्यायनं पकडलं असतं."

ऋतुजाने ऑर्डर परत केली. हुडी कामगारांना वाटल्या गेल्या. अजून थंडीत नांदगाव पेठच्या फाटकावर दुभंगलेले वाघ बिडी ओढताना दिसतात. भाऊरावांना सॅम्पलवरून काढून काजं-बटणांवर बसवलं. महिनाभराने त्यांनीच काम सोडलं आणि अकोल्याला मुलाकडे गेले.

यातून धडा एवढाच, की पास झालेला सॅम्पल घालून बघू नये, आणि बघायचाच असेल तर मिशी ठेवू नये. पण या धड्याने माझं भागलं नाही.

मागच्या हिवाळ्यात, सुतकात माझ्याकडे राहिलेला भाऊरावांचा डबा द्यायला अकोल्याला गेलो. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात बदाम भरले. भाऊराव अंगणात बसले होते. अंगात तीच हुडी. शिलाई मशीन कोपऱ्यात, चादरीखाली.

"मशीन बंद कावून, भाऊराव?"

"नाई जी. नातीच्या फ्रॉकले हात लावाची हिंमत होत नाई. चेन कुठवर लावली हे ज्याले आठवत नाई, त्यानं काय शिवाव?" त्यांनी डबा उघडला. "बदाम! तुमाले कसं समजलं? डाक्टरनंबी हेच सांगतलं, ध्यानासाठी."

मी तोंड उघडलं. ते माझ्याकडे निरखून बघत होते.

"मिशी मस्त आली परत. काकाची सय येते का?"

"येते," मी म्हणालो.

"कशानं गेले होते? तुमी कदी सांगतलंच नाई."

"अचानक," मी म्हणालो. चहा प्यायलो आणि बस धरली. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत घोकलेलं वाक्य तसंच परत आणलं: भाऊराव, चेन तुमी वरपर्यंतच लावली होती, ती मी कापली, मले माफ करा आणि त्या मशीनवरची चादर काढा.