डावं मडगार्ड

"ठेव खाली ते."

"नाही ठेवत."

"चिझुरु, गिऱ्हाईक समोर बसलंय."

"बसू दे की! त्यांच्याच गाडीचं चाललंय. कळू दे त्यांनाही, तुम्ही तीस वर्षं लोकांना काय सांगत आलात ते."

गिऱ्हाईक म्हणजे स्ट्रॉबेरीवाला वाकुई. उपड्या क्रेटवर बसून गार बार्लीच्या चहाची बाटली त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्याची पांढरी, चार दारांची जुनी गाडी मागची चाकं काढून टेकूंवर चढवली होती. बॉडी किट, म्हणजे गाडीला बाहेरून लावायचे भाग, निवडण्यात त्याने दोन महिने घालवले होते. आधी डिकीवरच्या मोठ्या पंखाचं ठरलं, तेव्हा बायको म्हणाली, डिकी उघडल्यावर फळांच्या पेट्या ठेवायच्या कुठे? मग खालपर्यंत येणारा पुढचा बंपर ठरला, पण तो शेताच्या वाटेवर पहिल्याच दिवशी फुटला असता. शेवटी सगळं ओयामा शहर सांगतं तेच त्याने केलं. मागची रुंद मडगार्डं घ्यायची, आणि तीही इसोबेच्याच हातची, त्याच्या साच्यातली.

आज त्या मडगार्डांची कोरडी जोडणी होती. रुंद मडगार्ड बसवायचं तर गाडीचा मूळ पत्रा कापावा लागतो, आणि कापलेला पत्रा परत येत नाही. म्हणून आधी नुसतं लावून बघायचं, टेपने धरायचं, उजेड कुठून येतो ते पाहायचं, हा इसोबेच्याच गॅरेजचा नियम. उजवं फटकन बसलं. डावं बसेना. मागच्या दाराजवळ करंगळी जाईल एवढी फट राहिली.

इसोबे नेहमीसारखाच दोन पावलं मागे सरकला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "वाकुईसान, गाडी वाकडी आहे तुमची. कुठे ठोकली होतीत?"

वाकुईने लगेच मान खाली घातली. "दोन वर्षांमागे. बर्फात. खांबाला."

"बघ!" इसोबे म्हणाला.

"पण ते... उजव्या बाजूने," वाकुई पुटपुटला.

आणि चिझुरु, इसोबेची मुलगी, फिसकन हसली. सगळं भांडण त्या हसण्यातून पेटलं.

कारण 'गाडी वाकडी आहे तुमची' हे वाक्य ती नऊ वर्षं ऐकत होती. मितोचा माणूस येवो, निक्कोच्या घाटात वळणांवर गाड्या आडव्या घसरवणारा येवो, डावं मडगार्ड कुणालाच बसायचं नाही, आणि इसोबे प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचा. असल्या गाड्या बाळगणारी माणसं! प्रत्येकाने कधीतरी, कुठेतरी ठोकलेलीच असायची. प्रत्येक जण ओशाळून कबूल करायचा. मग चिझुरु डाव्या मडगार्डाची कड ग्राइंडरने उतरवायची, फटीत लांबीचा लगदा भरायची, पॉलिश पेपर मारून मारून बोटांची सालं काढायची. गिऱ्हाईक वाकून वाकून आभार मानून जायचं. इसोबेचे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती आता म्हणाली. "जपानातल्या सगळ्या गाड्या वाकड्या, बाबा, आणि तुमचा साचा तेवढा सरळ?"

"तो साचा माझ्या गाडीवरून काढलाय."

"तेच म्हणतेय मी! ती गाडी तुम्ही कठड्यावर घातली होतीत. डाव्या बाजूने. आईनं सांगितलंय मला."

"मी सरळ केली होती ती." इसोबेचा आवाज खाली आला, आणि त्याचा आवाज खाली आला की जास्त भीती वाटायची. "अकरा दिवस. एकेक इंच ठोकून. या हातांनी. इसोबेने सरळ केलेला पत्रा सरळच असतो."

सत्ताविसाव्या वर्षी हेच त्याने सगळ्या दोस्तांना सांगितलं होतं. त्याच गाडीवर त्याने पहिला साचा ओतला, मासिकात फोटो आला, नाव झालं. पुढे एकदा, दुकानात कुणी नसताना, त्याने आपला साचा आणि दुसऱ्याची गाडी सुतळी लावून मोजली होती; मापं जुळली नव्हती. मग सुतळी गुंडाळून खिशात घातली आणि जेवायला गेला. पत्रा ठोकणाऱ्या माणसाने आपला पत्रा वाकडा म्हणायचं, तर मग त्याच्याकडे म्हणायला राहिलं काय?

चिझुरुने हातातलं मडगार्ड, तिने स्वतः बनवलेलं, ज्याच्यावरून सगळं चाललं होतं ते, वाकुईच्या गाडीला डाव्या बाजूने नुसतं टेकवलं. टेप नाही, दाब नाही. चारी बाजूंनी ते चिकटून बसलं. उजेडाची रेघसुद्धा नाही.

"अरे वा!" वाकुई उठून उभाच राहिला.

"तुम्ही खाली बसा," इसोबे म्हणाला. तो बसला.

"निवृत्त हेडमास्तरांची गाडी मागून आणली," चिझुरु म्हणाली. "एकच मालक, एक ओरखडा नाही. चार रविवार लागले साचा काढायला. आता ऐका, बाबा. आजपासून हा साचा. नाहीतर कानुमाच्या गॅरेजवाल्यांनी मला विचारलंय, मी त्यांना हो सांगते. तुमची वाकडी कड मी यापुढे घासणार नाही. एकही नाही."

"धमकी देतेस?"

"तारीख देतेय. आजची."

इसोबेने गाडीभोवती एक फेरी मारली. कडेत नख घालून पाहिलं. नख गेलं नाही. त्याला आता जवळचं नीट दिसत नव्हतं, कडा तो बोटांनीच वाचायचा, आणि बोटं खोटं बोलत नव्हती. ही गेली तर उद्या पत्रा कोण कापणार, हेही त्या बोटांना ठाऊक होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "हेच बसव."

वाकुईने सुटकेचा श्वास टाकला. चिझुरुचे ताठलेले खांदे सैल झाले. कापायची रेघ आखण्याआधी टेप लावायला तिने मडगार्ड उलटं केलं, आणि इसोबे पुढे आला.

"हे काय आहे?"

आतल्या बाजूला, रेझिनच्या शेवटच्या पारदर्शक थराखाली, काळ्या कुंचल्याने लिहिलेलं होतं: चिझुरु.

"नाव."

"त्या जागी माझं नाव असतं. पहिल्या दिवसापासून."

"तुमच्या साच्यातल्या मालावर. हा माझा."

"दुकान कुणाचं? लोक कुणाच्या नावावर येतात?"

"अहो, आतल्या बाजूला कुणाला दिसणार आहे ते?" वाकुईने मध्ये पडायचा प्रयत्न केला.

"मला!" दोघंही एकदम त्याच्यावर ओरडले.

इसोबेने फळीवरून पॉलिश पेपर उचलला आणि तिच्यापुढे धरला. "घासून टाक. माझं लिही. मग वापर तुझा साचा, जन्मभर वापर, मी हूं की चूं करणार नाही. लोकांना सांगू, इसोबेने नवीन साचा काढला. एवढं एक कर. आणखी काय पाहिजे तुला?"

चिझुरुने त्या कागदाकडे पाहिलं. मग बापाकडे. मडगार्ड तिने अलगद गाडीच्या टपावर ठेवलं, हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले, आणि अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून बाहेर उन्हात निघून गेली.