बॉनेटला आलेला गोवर

आमच्या गाडीला हात लावायची परवानगी घरात एकाच माणसाला होती, आणि तो माणूस मागच्या दिवाळीनंतर गेला. माणूस गेला, नियम राहिला. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगखाली ती वांगी रंगाची गाडी कव्हर घालून नुसती बसून होती. (वांगी म्हटलेलं ह्यांना चालत नसे. "वाइन रेड आहे तो, सुनंदा!" असं दर वेळी दुखावून सांगायचे. अहो, जन्मभर भरली वांगी केली मी, मला रंग कळणार नाही?)

एक दिवस घोडबंदर रोडला राहणाऱ्या आमच्या मुलाचा, अमेयचा, फोन आला.

"आई, उभी राहून सडतेय गं ती. माझ्या ऑफिसमधल्या एकाला हवीय. रविवारी बघायला घेऊन येतो त्याला."

"आण," मी म्हटलं. नाही म्हणायला कारणच सुचेना. गाडी मला चालवता येत नव्हती. आणि 'संध्याकाळी भाजी घेऊन येताना ती दिसली की हे घरी आलेत असं वाटतं' हे कारण आयटीतल्या मुलाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

शनिवारी सकाळी कव्हर काढलं तर बॉनेटवर दोन-चार टवके. शेवटचं शीळफाट्याला गेलो होतो, तेव्हा पुढच्या डंपरमधून खडी उडाली होती. ते भरायचे राहून गेले. आता परका माणूस येऊन हे बघणार? मुलगी दाखवायची आणि तीही वेणी न घालता!

टवके भरणं हा ह्यांचा रविवारचा सोहळा. गाडी मोकळ्यावर काढायची, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, वाटीत चमचाभर थिनर. मी गॅलरीतून हसायची. "एवढासा टवका, आणि तयारी बायपासची!"

"हसू नकोस," हे खालून ओरडायचे. "थिनर पेट्रोलचा सख्खा भाऊ आहे. कोंडला तर डोक्यात जातो, आणि ठिणगी मिळाली तर घर घेऊन जातो. म्हणून आधी काय करायचं..."

आधी काय करायचं, ते मी कधीच ऐकलं नाही. चहा उतू जाईल म्हणून आत पळायची. आता वाटतं, गेला असता एखादा चहा उतू, काय बिघडलं असतं?

मदतीला शोभाला बोलावलं. शोभा माझी धाकटी नणंद, कल्याणला असते. कुठल्याही कामाला ती नाही म्हणत नाही, आणि ते कसं करायचं हेही कुणाला विचारत नाही.

माळ्यावरून ह्यांचा डबा काढला. त्यात सगळा सरंजाम होता, शिवाय माझी कित्येक वर्षांपूर्वी हरवलेली स्टीलची वाटी! तिच्यापायी मी तेव्हा कामवालीला नाही नाही ते बोलले होते. वाटी घासून मांडणीवर ठेवून दिली. आणि थिनरची बाटली हातात आली, तशी काय बुद्धी झाली कोण जाणे, तिथेच स्वयंपाकघरात तिचं झाकण उघडलं आणि नाकाशी नेली.

कुणाला गेलेला माणूस अत्तराच्या वासाने आठवतो, कुणाला मोगऱ्याच्या. आमचे हे थिनरच्या वासाने आले. सदऱ्याला तो वास, मानेला तो वास, रविवारच्या जेवणाला तो वास. मी डोळे मिटून अजून एकदा हुंगलं...

"वहिनी!" शोभा किंचाळली. "गॅस चालूये! कुकर लावलाय!"

मी झाकण घट्ट लावलं, शोभाने गॅस बंद केला, दोघींनी खिडक्या सताड उघडल्या. गॅलरीत येऊन मोठमोठे श्वास घेतले, तरी समोरची बिल्डिंग थोडी झुलत होती.

"दादाला भेटायची एवढी घाई झालीय का तुला?" शोभा म्हणाली. मग आम्ही हसलो, आणि डबा उचलून खाली गेलो.

खाली मात्र सगळं सुतासारखं सरळ होईल असं वाटलं होतं. रंगाची छोटी बाटली उघडली तर आत डांबर. "थिनर घाल," शोभा म्हणाली. घातलं. "अजून घाल." अजून घातलं. रंगाचं ताक झालं. पहिल्याच टवक्यावर लावलं, तर ते ओघळत थेट नंबरप्लेटपर्यंत गेलं.

"पूस, पूस!"

पुसायला थिनर हवं. वाटी वर मांडणीवर. मग शोभाने तिच्या नातवाच्या वाढदिवसाचा उरलेला प्लॅस्टिकचा ग्लास पिशवीतून काढला, मी तो काठोकाठ भरला आणि बॉनेटवर ठेवला. ग्लास आधी मऊ पडला. मग वाकला. मग मांडी घालून बसला! थिनर बॉनेटभर पसरलं.

"वहिनी, ग्लास विरघळला गं!"

"बघत काय बसलीस? पूस!"

दोघींनी जुने पंचे घेऊन जिवाच्या आकांताने बॉनेट घासलं. (मोजे डब्यातच. "आपण काय सर्जन आहोत?" असं शोभाने मघाशीच ठरवून टाकलं होतं. पुढे दोन दिवस आमचे हात निवडुंगासारखे झाले होते.) ओघळ गेला. पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी जाऊ लागलं. इथे एक ठिपका उघडा पडला, तिथे एक, दिव्याखाली तीन. कंपनीचा रंग टिकला, पण ह्यांनी एवढ्या वर्षांत भरलेला एकेक टवका थिनरने शोधून शोधून मोकळा केला! किती होते! आणि मला एकही कधी दिसला नव्हता. इतकं बेमालूम काम करत होता हा माणूस, आणि मी वरून हसत होते.

माझा चेहरा बघून शोभाने आपल्या पर्समधून शेवटचं अस्त्र काढलं. नेलपॉलिश.

"सेम टू सेम कलर आहे, वहिनी."

"ह्यात चमकी आहे शोभा!"

"वाळल्यावर कळत नाही."

वाळल्यावर जास्त कळलं. गाडीला गोवर आल्यासारखं दिसत होतं, तोही सणासुदीचा गोवर. हताश होऊन आम्ही ते ओले पंचे डिकीत कोंबले, डिकी बंद केली आणि वर येऊन गार झालेला वरणभात खाल्ला.

रविवारी अमेय त्या मित्राला घेऊन आला. मित्राने गाडीचं दार उघडलं मात्र, आतून थिनरचा असा भपका आला की बिचाऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग रुमाल नाकाला लावून त्याने बॉनेट बघितलं.

"काकू, अ‍ॅक्सिडेंट झालेला का?"

"छे हो," शोभा अभिमानाने म्हणाली, "आम्ही सजवलीय."

तो फार सभ्य मुलगा. "घरी विचारून सांगतो," म्हणाला आणि जवळजवळ धावतच रिक्षात बसला.

अमेयने डिकी उघडली आणि कपाळाला हात लावला. "आई, थिनरचे बोळे कोणी बंद डिकीत ठेवतं? काडी पडली असती तर गाडीसकट बिल्डिंग गेली असती!" त्याने पंचे बाहेर काढून कंपाउंडच्या भिंतीवर, वाऱ्याला, एकेक सुटा पसरला. रागारागाने परत आला आणि बॉनेटकडे बघता बघता थांबला. दिव्याशेजारच्या एका मोठ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा माझ्या बॉलचा आहे."

"कुठल्या बॉलचा?"

"सीझन बॉल. आठवीत होतो. मारला आणि पळून गेलेलो. दोन दिवस बाबांसमोर आलो नव्हतो. ते कधी काही बोललेच नाहीत, मला वाटलं त्यांनी बघितलंच नाही." त्याने ठिपक्यावरून बोट फिरवलं. "त्यांनी भरलेला गं, आई."

"मलाही बोलले नाहीत रे."

शोभाने, आयुष्यात पहिल्यांदाच, काहीही सुचवलं नाही.

गाडी विकायची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. बॉनेट अमेयने सावकाश दुरुस्त केलं. पण बॉलचा टवका भरायला त्याचा हात काही धजेना, तो तसाच आहे. आणि उभी गाडी सडते म्हणून मी, या वयात, ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. लर्निंग लायसन्स आलं. परवाच्या रविवारी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर मी ह्यांच्या सीटवर बसले, शेजारी अमेय. गाडी जड चालत होती, कण्हत होती, पण चालत होती! मला भरून आलं. वाटलं, आत्ता हे मागे बसलेले असते तर! अमेयकडे बघितलं, तर तो डोळे मिटून, ओठ आवळून बसलेला.

"बाबांची आठवण येतेय ना रे?" मी हळूच विचारलं.

"येतेय गं," तो म्हणाला. "फार येतेय. आई, आता तो हँडब्रेक खाली कर."